वर्गासाठी स्टेलॅरियम, घुमटासाठी ओपनस्पेस: वापरून झाल्यावरचं माझं मत

शाळेत आकाश दाखवायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, असं आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, आणि दरवेळी घाईत दोन ओळी टाईप करून भागत नाही, म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा खेड्यातली, एक प्रोजेक्टर आहे, एक जुना लॅपटॉप आहे, नेट कधी असतं कधी नसतं. बऱ्याच जणांची परिस्थिती हीच असेल असं धरून लिहितेय, मोठ्या शहरातल्या स्मार्ट क्लासरूमवाल्यांनी आपापल्या हिशोबाने वाचा.

आधी निकाल सांगून टाकते. वर्गासाठी स्टेलॅरियम, डोळे झाकून घ्या. तारांगणाचा घुमट असेल, म्युझियमचा हॉल असेल किंवा दमदार ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर हाताशी असेल तर ओपनस्पेस. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे लायसन्ससाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागायचं काम नाही. पण दोन्हीची जात वेगळी आहे आणि ती लक्षात न घेता वापरलं की पोरं दहा मिनिटं वॉव वॉव करतात आणि नंतर विचारलं की काय बघितलं तर काही सांगता येत नाही.

स्टेलॅरियम फाबियन शेरो नावाच्या फ्रेंच माणसाने २००० च्या सुमारास सुरू केलं, मग जगभरातले लोक येऊन त्यात भर घालत गेले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. एवढी वर्षं १.० नव्हतं म्हणजे ते अर्धवट होतं असं अजिबात नाही, त्याच्या आधीच जगभरातल्या शाळांत आणि छोट्या तारांगणांत ते मस्त चालत होतं. इन्स्टॉल केलं की सहा लाखांवर तारे त्यात असतातच, आणखी हवे असतील तर वेगळे उतरवता येतात पण शाळेत त्याची गरज मला कधी पडली नाही, उघड्या डोळ्यांना दिसतात सहा हजारांच्या आसपास आणि मुलांना आधी त्यातले वीस ओळखता आले तरी मी खुश असते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकदा टाकलं की नेट लागत नाही. कृत्रिम उपग्रह आणि नवीन धूमकेतू यांची माहिती ताजी करायला तेवढं अधूनमधून नेटला जोडायचं, बाकी वर्गात नेट गेलं तरी तास थांबत नाही.

पण मला ते आवडतं त्याचं खरं कारण वेगळं आहे. ते तुम्हाला तुमच्याच अंगणात उभं करतं. आपल्या गावाचं आकाश, आजची तारीख, आत्ताची वेळ. मुलांना दीर्घिका, कृष्णविवर वगैरे यूट्यूबवर भरपूर बघायला मिळतं, पण आज रात्री घराच्या गच्चीवरून पूर्वेला जो ठिपका चमकतोय तो कोण हे सांगणारं कुणी नसतं, आणि तिथूनच खगोलशास्त्र सुरू होतं असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते कारण ते दरवर्षी वर्गात हमखास काम करतं. आमच्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा घरोघरी एकच विषय असतो, मृग लागला का, पाऊस कधी. आणि पुस्तकात मृग नक्षत्र हिवाळ्याच्या रात्री दिसतं असं दिलेलं असतं. एका मुलीने सरळ उठून विचारलं होतं, "बाई, बाबा म्हणतात आज मृग लागला, मी रात्री बघितलं तर ढग नव्हते तरी मृग कुठंच नव्हता, मग लागला म्हणजे काय झालं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आता हे फळ्यावर समजावून सांगायचं म्हणजे सूर्य, पृथ्वी, कक्षा, बाण, खाली दहा वर्तुळं, आणि शेवटी मुलं म्हणतात हो बाई आणि डोळ्यात काहीच नसतं. स्टेलॅरियममध्ये काय करायचं, एफ ५ दाबून तारीख टाकायची ८ जून, वेळ दुपारी साडेबारा. पडद्यावर निळं आकाश आणि डोक्यावर सूर्य. मग कीबोर्डवरचं ए दाबायचं. वातावरण बंद. निळा रंग जातो, भर दुपारी काळं आकाश होतं, सूर्य तिथेच असतो आणि त्याच्या शेजारी रोहिणी, आणि त्याच्या जवळच मृगाचं डोकं, खाली ते तिकांडं म्हणजे ओळीतले तीन तारे, व्याध, सगळी मंडळी हजर. वर्गात अशी शांतता पसरते ना त्या क्षणी! मृग गेलेला नसतो, तो दिवसा सूर्याच्या सोबत डोक्यावर असतो म्हणून रात्री दिसत नाही, आणि सूर्य तिथे पोचला म्हणजेच मृग लागला. मग चौकटी कंसाची बटणं दाबत एकेक आठवडा पुढे जायचं, सूर्य हळूहळू पुढे सरकतो, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, ज्या नावांनी गावात पेरणीचा हिशोब चालतो तीच नावं सूर्य एकामागून एक ओलांडत जातो, आणि डिसेंबरपर्यंत आलं की मृग संध्याकाळी पूर्वेला उगवताना सापडतो. त्या मुलीने घरी जाऊन वडिलांना हे सांगितलं आणि वडील दुसऱ्या दिवशी शाळेत बघायला आले. यापेक्षा चांगला अभिप्राय मला माहीत नाही.

असंच मराठी महिन्यांचं. चैत्र पौर्णिमेचा चंद्र चित्राजवळ, वैशाखातला विशाखाजवळ, कार्तिकातला कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षातला मृगशीर्षाजवळ. पोरांना महिने पाठ असतात पण नावं आली कुठून हे माहीत नसतं, बारा पौर्णिमा एकामागून एक टाकून दाखवल्या की अर्ध्या तासात विषय संपतो. कधी एक नक्षत्र अलीकडे पलीकडे होतं, तेही दाखवायचं, लपवायचं नाही.

शून्य सावलीचा दिवसही असाच, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते तो दिवस. पुण्यात तो मेच्या मध्याला येतो, कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे बरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा बंद. दुसऱ्यांदा येतो तेव्हा जुलै-ऑगस्टचे ढग. प्रत्यक्ष करून बघायची संधी मुलांना शाळेतून मिळतच नाही, मग एफ ६ ने गाव बदलत बदलत सूर्य कुठे कधी बरोबर ९० अंशावर येतो ते शोधायला लावते. गट पाडायचे, एकाला कोल्हापूर, एकाला नाशिक, एकाला नागपूर, एकाला दिल्ली. दिल्लीवाला गट शोधत बसतो आणि त्याला सापडतच नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, आणि हे त्यांचं त्यांनी शोधलेलं असतं म्हणून ते विसरत नाहीत. ध्रुवताऱ्याचंही तसंच, कन्याकुमारीला तो जेमतेम आठ अंशावर, कोल्हापूरला साधारण सतरावर, श्रीनगरला चौतीसवर, दोन मिनिटांत अक्षांशाचा धडा होतो.

आणि एक, जो मला स्वतःला फार आवडतो. एफ ६ मध्ये पृथ्वीच्या जागी चंद्र निवडता येतो. चांद्रयान-३ जिथे २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं तिथले अक्षांश रेखांश टाकायचे, साधारण ६९.४ दक्षिण आणि ३२.३ पूर्व. आता आपण शिवशक्तीवर उभे. पृथ्वी क्षितिजाच्या थोडी वर दिसते. वेळ पळवायची. सूर्य संथपणे आकाश ओलांडून जातो, आपले चौदा दिवस लागतात त्याला, पण पृथ्वी जवळपास तिथल्या तिथेच राहते, किंचित डुलते, फिरते, तिच्या कला बदलतात, पण उगवत नाही आणि मावळत नाही. विक्रम आणि प्रज्ञान दोन आठवड्यांच्या आतच का थांबले हे वेगळं सांगावं लागत नाही, सूर्य मावळला की मुलंच म्हणतात बाई बॅटरी संपली. सातवीतल्या मुलांना चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते हे याच्याइतकं सोपं करून मला दुसऱ्या कशानेच सांगता आलेलं नाही.

आता तक्रारी, कारण त्या आहेत आणि पहिल्यांदा वापरणाऱ्याला त्रास देतात.

पहिलं म्हणजे सुरू केल्यावर ठिकाण बघा. नेट नसेल आणि काही निवडलेलं नसेल तर ते पॅरिसचं आकाश दाखवतं, आणि पॅरिसहून अगस्त्याचा तारा कधीच दिसत नाही, ध्रुव अर्ध्या आकाशात चढलेला असतो. आपलं गाव टाकून ते कायमचं म्हणून सेव्ह करा. जमिनीचं चित्रही एका फ्रेंच खेड्याचं येतं, ते बदलता येतं, आणि त्यात स्वतःचं चित्रही घालता येतं. आम्ही शाळेच्या मैदानाच्या मधोमध उभं राहून मोबाईलवर गोल फिरवून पॅनोरमा काढला आणि तो जमीन म्हणून टाकला. आता पडद्यावर चंद्र उगवतो तो आमच्या पाण्याच्या टाकीमागून. थोडी खटपट आहे, चित्राचं आकाश कापून काढावं लागतं आणि दिशा जुळवाव्या लागतात, पण जमलं की फरक जमीन-अस्मानाचा.

दुसरं, मराठी. भाषेच्या यादीत मराठी आहे पण सगळं मराठीत येत नाही, काही शब्द मराठी, काही इंग्रजी असा कारभार आहे. मी इंग्रजीच ठेवते आणि तोंडाने मराठी बोलते. कुठल्या समाजाने ताऱ्यांना काय नावं-आकार दिले ते दाखवणारी आकाश संस्कृतीची यादी असते, तीत भारतीय वैदिक निवडलं तर नक्षत्रांची आपली नावं येतात, ते जरूर वापरा. पण मला त्याच्या पुढचं हवंय. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असताना मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांवर जाऊन त्यांचं आकाश नोंदवून ठेवलंय, सप्तर्षीच्या चार ताऱ्यांत ते खाट बघतात आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती चोरायला आलेले चोर. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही असलं बरंच माहीत असतं. स्टेलॅरियममध्ये स्वतःची आकाश संस्कृती लिहून घालायची सोय आहे, रेघा कुठून कुठे, नाव काय, एवढं एका फाईलमध्ये लिहायचं असतं. महाराष्ट्रातल्या आदिवासी, धनगर, कोळी समाजांचं आकाश असं कुणी नीट बसून त्यात घातलं तर आमच्यासारख्या शाळांवर उपकार होतील, मुलांना आपल्या आजीचं आकाश आणि ग्रीकांचं आकाश शेजारी शेजारी बघता येईल.

तिसरं, अक्षरं. प्रोजेक्टरवर मागच्या बाकावरून काही वाचता येत नाही. एफ २ मध्ये जाऊन अक्षरं मोठी करा. एफ ४ मध्ये ताऱ्यांचा आकार वाढवा आणि आकाशगंगेचा उजेड कमी करा, कारण शाळेच्या साध्या प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतोच, करडा असतो, आणि त्या करड्यावर आकाशगंगा टाकली की सगळं धुरकट होतं. खरं सांगायचं तर निम्मा परिणाम सॉफ्टवेअरचा नसून अंधाराचा असतो. आम्ही खिडक्यांना गोधड्या आणि काळे प्लॅस्टिक लावतो, दाराच्या फटीतसुद्धा पोतं कोंबतो. प्रोजेक्टरवर पैसे घालायच्या आधी पडद्यांवर घाला असं मी प्रत्येकाला सांगते.

चौथं, तेजोमेघांचे म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे फोटो. झूम केलं की रंगीत मृगाचा तेजोमेघ येतो, आणि मग खऱ्या दुर्बिणीतून करडा पुंजका दिसला की मुलं हिरमुसतात. तो फोटो तासन् तास उजेड गोळा करून काढलेला असतो हे आधी सांगून ठेवा. आणि मोठा चंद्र दाखवायचा पर्याय आहे तो बंदच ठेवा, ग्रहण दाखवताना सगळा घोळ होतो.

पाचवं, जुना लॅपटॉप. ग्राफिक्स ड्रायव्हर फार जुना असेल तर ते उघडतच नाही. आदल्या दिवशी तपासा, आणि नाहीच चाललं तर जुनी आवृत्ती टाकून बघा, वर्गासाठी तिच्यात काही कमी पडत नाही.

एक सोय मात्र फार थोड्यांना माहीत आहे, स्टेलॅरियममधलं रिमोट कंट्रोल नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय. ते चालू केलं की लॅपटॉप आणि मोबाईल एकाच हॉटस्पॉटवर जोडायचा, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे ८०९० लिहायचं, की मोबाईलवरून तारीख, ठिकाण, झूम सगळं बदलता येतं. याने माझं शिकवणं खरंच बदललं. आधी मी अंधारात लॅपटॉपपाशी वाकून बसलेली असायचे आणि मुलांच्या पाठी माझ्याकडे, आता मी त्यांच्यात उभी असते, मोबाईल एखाद्या मुलाच्याच हातात देते आणि म्हणते ने आम्हाला तुझ्या वाढदिवसाच्या रात्री.

आता घुमटाकडे. आपल्याकडे तारांगणांची परंपरा जुनी आहे हे विसरायला नको. पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ मध्येच तारांगण सुरू झालं होतं, एका शाळेत, विचार करा. मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ चं, तिथे आधी झाईस या जर्मन कंपनीचं यंत्र होतं आणि २००३ मध्ये डिजिस्टार ही डिजिटल यंत्रणा आली. झाईसचं मूळ यंत्र म्हणजे मधोमध एक दिवा आणि भोवती भिंगं, ताऱ्यांच्या जागी बारीक भोकं, १९२३ मध्ये म्युनिकला लोकांनी ते पहिल्यांदा बघितलं. त्या यंत्राचे तारे टाचणीच्या टोकासारखे तीक्ष्ण असायचे आणि मागचं आकाश खरंच काळं, ते सुख डिजिटलमध्ये अजूनही पूर्ण मिळत नाही असं मला वाटतं. पण ते यंत्र तुम्हाला पृथ्वीवरून उचलून नेऊ शकत नव्हतं. आकाश फिरवू शकायचं, आपण हललोय असं नाही दाखवू शकायचं.

तिथे ओपनस्पेस येतं. न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी, स्वीडनचं लिंशपिंग विद्यापीठ आणि आणखी काही विद्यापीठं यांनी मिळून ते बनवलंय, नासाचा पैसा त्यात होता. एकापेक्षा जास्त प्रोजेक्टर लावलेल्या घुमटासाठीच ते घडवलेलं आहे. माझ्या भाच्याच्या गेमिंग लॅपटॉपवर टाकून आम्ही ते शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावलं होतं. सुरुवातीला ते भरपूर डेटा उतरवतं, त्यासाठी शहरातल्या घरी रात्रभर लावून ठेवावं लागलं, आमच्या गावच्या नेटवर ते झालंच नसतं. आणि माऊसने उडायचं तंत्र अंगवळणी पडायला वेळ लागतो, सराव न करता लोकांसमोर लावलं की पृथ्वी कुठे गेली तेच कळत नाही.

पण त्यातली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. पृथ्वीवरून मृगाकडे बघत सुरुवात केली, रेघा जोडलेल्या, सगळ्यांना ओळखीचा आकार. मग हळूहळू सूर्यमालेबाहेर निघालो. आधी काहीच बदलत नाही, ग्रह मागे गेले, सूर्य एक साधा तारा झाला तरी मृग तसाच. आणि मग व्याध सगळ्यात आधी जागचा हलला, कारण तो फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर, त्याच्यामागोमाग मृगाचा आकार मोडायला लागला, मृगातला काक्षी हा तारा जवळ आला, राजन्य हा दुसरा अजून लांबच, तो ८६० प्रकाशवर्षांच्या आसपास, रेघा ताणल्या गेल्या, शेवटी बाजूने बघितलं तर मृग नाही, नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. हॉलमध्ये बसलेल्या पालकांपैकी एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे ते शेजारी शेजारी नाहीतच!" हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत होते, पण सांगणं वेगळं आणि डोळ्यासमोर मोडताना बघणं वेगळं. त्यातच एक रेडिओ गोल म्हणून दाखवता येतो, माणसाने पाठवलेल्या जोरकस रेडिओ लहरी आजवर कुठपर्यंत पोचल्या असतील त्याचा फुगा, आणि आकाशगंगेच्या पूर्ण चित्रात तो फुगा शोधावा लागतो इतका बारीक. म्युझियमने हेच दाखवावं. हे काम वर्गातल्या छोट्या पडद्यावर होत नाही, त्याला डोळ्यांच्या कडेपर्यंत भरलेलं आकाश लागतं.

मधला मार्गही आहे. स्टेलॅरियमसुद्धा घुमटावर चालतं. सगळं आकाश एका गोलात दाखवणारं फिशआय प्रक्षेपण निवडायचं, गोल चौकट घ्यायची, की खास लेन्सवाल्या प्रोजेक्टरने ते थेट घुमटावर पडतं. लेन्स महाग असते म्हणून पॉल बोर्क या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने सोपी युक्ती काढली, साधा प्रोजेक्टर घुमटाच्या कडेला ठेवून बहिर्गोल आरशावर मारायचा आणि आरसा तो उजेड सगळीकडे पसरवतो. आरशामुळे चित्र वाकडं होतं, म्हणून स्टेलॅरियम ते आधीच उलट वाकडं करून देतं, त्याचं बटण सेटिंगमध्येच आहे. कडेचे तारे थोडे मऊ होतात, मधले ठीक. फुगवायच्या घुमटात हे चांगलं चालतं, फक्त आपल्याकडे एप्रिलमध्ये आत बसवत नाही आणि लाईट गेली की पंखा बंद आणि घुमट हळूहळू खाली यायला लागतो, म्हणून इन्व्हर्टरशिवाय करू नका.

आणि आता जे मला मनापासून खटकतं ते. आमच्या शाळेत एका संस्थेचा फुगवता घुमट आला होता, मुलांकडून पैसेही घेतले, आणि आत काय दाखवलं तर वीस मिनिटांची तयार फिल्म, हिंदी आवाज, धूमकेतू अंगावर येतोय, डायनासोर पळतायत. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं की आज संध्याकाळी दिसतो तो तेजस्वी तारा कुठला, तर चालवणाऱ्या माणसाने सांगितलं की ते यात नाही. शहरातल्या एका तारांगणात सहल नेली तिथेही तेच, फिल्म सुरू, फिल्म संपली, दिवे लागले, पुढची बॅच. समोर घुमट आहे, कॉम्प्युटर आहे, सगळं आकाश एका बटणावर आहे आणि आज रात्रीचं आकाश पाच मिनिटंसुद्धा दाखवत नाहीत. माझी कळकळीची विनंती आहे सगळ्या तारांगणवाल्यांना, फिल्म दाखवा पण आधी दहा मिनिटं आजचं आकाश, जिवंत माणसाच्या आवाजात, मराठीत, आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. जिथे असा माणूस उभा असतो तिथे साधं सॉफ्टवेअर पुरतं. जिथे नसतो तिथे कोटींचा घुमटही थिएटर होतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. वर्ल्डवाईड टेलिस्कोप मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढलं, नंतर ओपन सोर्स झालं आणि पुढे अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ते हाती घेतलं. ब्राउझरमध्ये चालतं, खऱ्या दुर्बिणींनी घेतलेले फोटो आकाशात जागच्या जागी बसवलेले दिसतात आणि सफरी तयार करून ठेवता येतात. अकरावी-बारावीला, जिथे नेट चांगलं आहे तिथे, छान. नासाचं आईज हेही ब्राउझरमध्ये, यानं आत्ता कुठे आहेत ते बघायला मुलांना आवडतं. सेलेस्टिया जुनं आणि हलकं, कमकुवत मशिनवर सूर्यमालेत फिरायला अजूनही चांगलं. मोबाईलवरचं स्टेलॅरियम अॅप गच्चीवर उभं राहून तारा ओळखायला ठीक, पण त्यातल्या पुढच्या सोयींना पैसे पडतात आणि वर्गात दाखवायला कॉम्प्युटरवरचंच घ्या.

ज्यांना लगेच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी एक विषय हातात देऊन ठेवते. २ ऑगस्ट २०२७ ला मोठं खग्रास सूर्यग्रहण आहे, इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांवर खग्रास स्थिती असणार. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसायला हवं, पण ऑगस्ट म्हणजे ढग, त्यामुळे शाळेने बी प्लॅन आत्ताच करून ठेवावा. एफ ५ मध्ये ती तारीख, एफ ६ मध्ये आपलं गाव, सूर्यावर क्लिक, स्पेस दाबून मध्ये आणायचा, झूम करायचा आणि एल दाबून वेळ पळवायची. मग ठिकाण बदलून लक्सर करायचं आणि तेच ग्रहण पुन्हा. झूम न करता पूर्ण आकाश ठेवलं तर काळोख झाल्यावर भर दिवसा शुक्र कुठे चमकतो तेही सापडतं. मुलांना वहीत आपल्या गावाचं सुरुवात, मध्य आणि शेवट यांची वेळ लिहायला लावा, त्या दिवशी ढग बाजूला झाले तर ग्रहणाचे चष्मे लावून प्रत्यक्ष ताडून बघता येईल. चष्मे मात्र आधीच मागवून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत. आणि शाळेच्या मैदानाची जमीन बनवायची असेल आणि कुठे अडलात तर विचारा, दिशा कशा जुळवायच्या ते मी सांगेन.